‘व्हेअर ईगल्स डेअर’: दालनातला तो डाव कसा उलगडतो, आणि चित्रपट अजून का खिळवून ठेवतो?

कवडसा:
‘व्हेअर ईगल्स डेअर’ (१९६८) हा दुसऱ्या महायुद्धातल्या हेरांवरचा चित्रपट एका चित्रपटप्रेमी गटासमोर पडद्यावर दाखवायचा आहे. नंतर तासभर चर्चा. बघणाऱ्यांपैकी निम्मे लोक पहिल्यांदाच बघतील. जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत.

पहिली: किल्ल्यातल्या मोठ्या दालनात मेजर स्मिथ (रिचर्ड बर्टन) दहा-पंधरा मिनिटांत तीन वेळा बाजू बदलतो. त्याच्या पथकातले तीन फितूर आपल्याच हाताने साथीदारांच्या नावांच्या याद्या लिहून देतात. का? इतके मुरलेले हेर असे फसतात हे पटवून कसं सांगायचं?

दुसरी: उत्तरार्धात लेफ्टनंट शाफर (क्लिंट ईस्टवुड) शेकड्यांनी जर्मन सैनिक लोळवतो आणि त्याला नि स्मिथला जेमतेम ओरखडा येतो. तरीही लोक हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघतात. त्यात नक्की काय धरून ठेवतं?

तिसरी: दाखवताना काय सांभाळावं? मध्यंतर कुठे घ्यावं?

रहस्य फुटलं तरी चालेल, धागा त्यासाठीच काढला आहे. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी मात्र इथेच थांबावं.

रीळ_बदल:
आधी दालन, कारण चित्रपटाचा जीव तिथे आहे.

मोहीम वरवर अशी आहे: दुसऱ्या आघाडीचा, म्हणजे फ्रान्समधल्या नियोजित चढाईचा आराखडा माहीत असलेला अमेरिकन जनरल कार्नाबी जर्मनांच्या हाती लागलाय, श्लॉस आडलर ह्या किल्ल्यात त्याला कोंडलंय, आणि त्याचं तोंड उघडायच्या आत त्याला सोडवायचंय. खरी मोहीम वेगळी आहे. ब्रिटिश हेरखात्यात फितूर शिरलेत, त्यांची नावं मिळवायची आहेत. कार्नाबी हा मुळात एक नट आहे, मुद्दाम शत्रूच्या हाती पडू दिलेला. हे स्मिथला ठाऊक आहे, शाफरला नाही, आणि प्रेक्षकालाही नाही.

आता दालनात काय घडतं ते क्रमाने बघा. स्मिथच्याच पथकातले थॉमस, बर्कली आणि ख्रिश्चनसन जर्मन कर्नल क्रेमरसमोर मोकळेपणाने सांगून बसलेत की आम्ही तुमचेच. कार्नाबी बोलत नाही म्हणून स्कोपोलमिनचं इंजेक्शन द्यायची तयारी चाललीय. इतक्यात स्मिथ आणि शाफर बंदुका रोखून येतात. इथपर्यंत सुटकेचा प्रसंग वाटतो. मग स्मिथ शाफरलाच बंदूक खाली टाकायला लावतो आणि सांगतो की मी खरा जर्मन अधिकारी, योहान श्मिट. हे तिघे ब्रिटिशांनी घुसवलेले तोतये. खरे तिघे कधीच पकडले गेले. आणि हा तुमचा जनरल तर नट आहे.

डाव ह्या शेवटच्या वाक्यावर उभा आहे. स्मिथ जर्मनांना एक खरी गोष्ट फुकट देतो. कार्नाबी खोटा आहे हे ताबडतोब पडताळता येतं, आणि ते खरं निघालं की सांगणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यालाही वजन येतं. त्यावर तो दोन पुरावे चढवतो. इटलीतल्या जर्मन मुख्यालयातल्या अधिकाऱ्याला फोन लावून ओळख पटवतो. शिवाय इंग्लंडमधल्या सर्वोच्च जर्मन हेराचं नाव आपल्या वहीत लिहून क्रेमरला दाखवतो. क्रेमर होकार देतो. कॅमेरा ते नाव आपल्याला दाखवत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता तिघांच्या जागी उभं राहून बघा. काही क्षणांपूर्वी ते मित्रांत होते, आता त्यांच्यावर बंदुका आहेत. स्मिथ म्हणतो, तुम्ही खरे असाल तर इंग्लंडमधल्या तुमच्या साथीदारांची नावं लिहा, माझ्या यादीशी ताडून बघू. खोटं नाव लिहिलं तर ताडताना पकडले जाणार. नाव गाळलं तरी पकडले जाणार. न लिहिलं तर तोतये ठरणार. जगायचं तर पूर्ण आणि खरी यादी लिहिण्याला पर्याय नाही, आणि ती वाचणारे आपलेच वरिष्ठ आहेत अशी त्यांची खात्री. ते मूर्ख नाहीत. निष्ठा सिद्ध करायच्या धडपडीत ते बोलून जातात. याद्या हातात आल्यावर स्मिथ ‘आपली’ वही क्रेमरला देतो. ती कोरी असते.

चर्चेत हे समजवायचं तर एक साधा तक्ता पुरतो. आडव्या ओळीत पात्रं: स्मिथ, शाफर, क्रेमर, ते तिघे, प्रेक्षक. उभ्या रकान्यांत प्रश्न: कार्नाबी खरा की खोटा? स्मिथ कुणाचा? मूळ यादी आहे का? तिन्ही प्रश्नांचं बरोबर उत्तर सुरुवातीपासून फक्त स्मिथकडे आहे. शाफरचं अज्ञान आणि आपलं अज्ञान जवळपास सारखं, म्हणून त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ आपल्याला आपलाच वाटतो.

लिहिणाऱ्याची चलाखी म्हणजे चित्रपट आपल्याशी उघड खोटं बोलत नाही, फक्त उशिरा सांगतो. पॅराशूटने उतरल्यावर वायरलेसवाला हॅरॉड मान मोडून मेलेला सापडतो. बाकीचे अपघात समजतात, स्मिथ निरखून बघतो आणि गप्प राहतो. नंतर मॅकफर्सन मरतो, तेव्हाही तेच. मेरी (मेरी युर) त्याच विमानातून गुपचूप मागे उतरलीय हे आपल्याला दिसतं, इतरांना नाही. दुसऱ्यांदा बघताना ह्या खुणा उठून दिसतात. गटाला पुन्हा बघायला सांगणार असाल तर पहिल्या पाऊण तासात फक्त बर्टनचे डोळे बघा म्हणावं.

दोरखंड:
वरचं विवेचन पटलं, पण ‘जीव तिथे आहे’ हे नाही. दालनाचा प्रसंग नाटकाच्या रंगमंचावरही करता येईल. हा चित्रपट लोकांच्या मनात राहतो तो जागेमुळे. खाली गाव, वर कड्यावर किल्ला, आणि दोन्ही जोडणारा एकच रज्जूमार्ग. जायची वाट एक, यायची वाटही तीच. प्रेक्षकाला हा नकाशा पहिल्या अर्ध्या तासात पाठ होतो, आणि मग प्रत्येक धोका आपोआप समजतो.

केबल कारमधली झटापट ह्या नजरेने बघा. अशा रज्जूमार्गावर दोन डबे एकाच ओढदोराच्या दोन टोकांना असतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि ते वाटेच्या बरोबर मध्यावर एकमेकांना ओलांडतात. म्हणजे खाली जाणाऱ्या डब्यातून वर येणाऱ्या डब्यावर उडी मारायची जागा संपूर्ण मार्गात एकच, आणि वेळ काही सेकंदांची. स्मिथ त्याच जागी उडी मारतो, मागे डब्यात स्फोटकं ठेवून. हे यंत्र असंच चालतं, म्हणून तो क्षण खरा वाटतो. पटकथेने यंत्राचा नियम मोडला असता, उदाहरणार्थ डबे भलत्याच जागी भेटवले असते, तर कारण न कळताही प्रेक्षकाला काहीतरी खटकलं असतं.

जागा मात्र जोडकामाची आहे. किल्ला म्हणजे ऑस्ट्रियातल्या वेर्फेन गावावरचा होहेनवेर्फेन, साल्झबुर्गच्या दक्षिणेला, मुळात अकराव्या शतकातला. रज्जूमार्ग तिथला नाही. तो एबेन्झे इथला फॉयरकोगेलचा. गावातले प्रसंग लोफरमध्ये, शेवटचं विमानतळ आयगेन इम एन्स्टालमध्ये. आतली दालनं इंग्लंडमधल्या बोरहॅमवुडच्या स्टुडिओत उभारली. चार ठिकाणांचा एक डोंगर झालाय आणि सांधा सहसा दिसत नाही, ह्याचं श्रेय संकलक जॉन जिम्पसनला द्यायला हवं. सांधा दिसतो तो डब्याच्या टपावरच्या जवळून घेतलेल्या चित्रांत: नट स्टुडिओत, मागे पडद्यावर डोंगर. कडा किंचित वेगळ्या रंगाच्या दिसतात आणि उजेडाची दिशा जुळत नाही. लांबून घेतलेल्या चित्रांत मात्र खरी माणसं खऱ्या डब्यावर आहेत. बर्टनच्या जागी आल्फ जॉइंट हा स्टंटमन होता, आणि मारधाडीची जबाबदारी दुसऱ्या पथकाचे दिग्दर्शक याकिमा कॅनट ह्यांच्याकडे होती. जवळचं खोटं आणि लांबचं खरं ह्यांची अदलाबदल इतकी भराभर होते की डोळा लांबच्यावर विश्वास ठेवून जवळचं चालवून घेतो.

पळून जायची तयारीही नीट बघण्यासारखी आहे. वर जाण्याआधीच ते खाली परतीच्या वाटेवर स्फोटकं पेरून, तारा ताणून ठेवतात. तेव्हा ते संथ वाटतं. तासाभराने बर्फ बाजूला सारणाऱ्या बसमधून पळताना त्याच तारा एकामागून एक वसूल होतात. शाफरच्या गोळ्या कुठून येतात हा प्रश्न पडेल, पण ही स्फोटकं कुठून आली हा पडत नाही. त्यांची पेरणी आपण पाहिलेली असते.

कूटलिपी:
इतिहासाची बाजू कुणी तरी मांडायला हवी, कारण चर्चेत पहिला प्रश्न हाच येतो: असं खरंच घडलं होतं का?

ही मोहीम काल्पनिक आहे. अलिस्टर मॅक्लीन ह्यांनी ती पडद्यासाठीच रचली. कादंबरी १९६७ची, पटकथेच्या जोडीनेच लिहिलेली. पण आराखडा माहीत असलेला माणूस शत्रूच्या हाती पडला तर, ही धास्ती अगदी खरी होती. नॉर्मंडीच्या चढाईचं ठिकाण आणि वेळ माहीत असलेल्यांना ‘बिगॉट’ नावाची खास परवानगी असे. २८ एप्रिल १९४४च्या पहाटे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ सराव चालू असताना जर्मन टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला. बेपत्ता झालेल्यांत अशी परवानगी असलेले दहा अधिकारी होते. त्यांतला एक जरी जिवंत पकडला गेला असता तर सगळी योजना बदलावी लागली असती. दहाही जणांचे मृतदेह सापडेपर्यंत शोध चालला. कार्नाबीच्या गोष्टीत जो ताण आहे तो ह्या शोधाचा आहे.

फितुरांची बाजू मात्र वस्तुस्थितीच्या बरोबर उलट आहे. युद्धकाळात ब्रिटनमधले जर्मन हेर जवळजवळ सगळे पकडले गेले होते आणि त्यांतले बरेच एमआय-५ च्या, म्हणजे शत्रूचे हेर पकडणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या, सांगण्यावरून खोट्या बातम्या पाठवत होते. ही यंत्रणा चालवणाऱ्या समितीचं नाव ‘ट्वेंटी’, कारण रोमन आकड्यांत वीस म्हणजे दोन फुल्या, आणि दोन फुल्या म्हणजे दुहेरी फसवणूक. हुआन पुहोल ह्या स्पॅनिश माणसाने, टोपणनाव ‘गार्बो’, सत्तावीस हेरांचं जाळं नुसतं कल्पनेतून उभं केलं होतं. जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस हे पदक दिलं, ब्रिटिशांनी एमबीई हा किताब. दालनातल्या याद्यांकडे हे ध्यानात ठेवून बघा: खऱ्या युद्धात खोटी नावं शत्रूच्या कागदांवर चढत होती, इथे खरी नावं शत्रूच्या माणसांकडून काढून घेतली जातात.

गंमत अशी की चित्रपट आला तेव्हा हे सामान्य लोकांना ठाऊकच नव्हतं. समितीचे अध्यक्ष जे. सी. मास्टरमन ह्यांचं पुस्तक १९७२मध्ये बाहेर आलं. उलट जानेवारी १९६३मध्ये किम फिल्बी हा एमआय-६ मधला, म्हणजे परदेशी हेरगिरी करणाऱ्या ब्रिटिश खात्यातला, माणूस बैरूतमधून मॉस्कोला पळून गेला होता, आणि आपल्या हेरखात्याच्या माथ्यावरच शत्रूचा माणूस बसलाय ही भीती ब्रिटनमध्ये ताजी होती. चित्रपटातली फितुरी त्या भीतीची आहे, अंगावर १९४४चे कपडे घातलेली. तेव्हाच्या प्रेक्षकाला शेवट इतका का बोचला असेल ह्याचं मला तरी हेच कारण दिसतं.

चुका विचारल्या जातील म्हणून ठळक तेवढ्या. जर्मन जनरल रोझमायर ज्या हेलिकॉप्टरमधून उतरतो ते बेल ४७. त्याचं पहिलं उड्डाण डिसेंबर १९४५मधलं. जर्मनांकडे हेलिकॉप्टरं होती, पण मोजकी आणि दिसायला अगदी वेगळी. गेस्टापो अधिकारी फॉन हापेनचा (डेरेन नेस्बिट) काळा गणवेश युद्धकाळात बहुतेक ठिकाणी मागे पडून राखी रंग आला होता. काळा दिसायला धाक घालतो म्हणून ठेवलेला दिसतो. स्कोपोलमिन टोचलं की माणूस खरं बोलतो हाही समज. प्रत्यक्षात भ्रम होतो, तोंड कोरडं पडतं, माणूस सुचवलेलं बोलू लागतो, त्यामुळे मिळालेल्या उत्तरावर विसंबता येत नाही. आणि शाफरची एमपी-४० ही जर्मन सबमशीनगन: मॅगझिनमध्ये ३२ गोळ्या, वेग मिनिटाला सुमारे ५००. चाप दाबून धरला तर चार सेकंदांत रिकामी. तो दोन हातांत दोन घेऊन उडवतो तेव्हा नेम तर राहत नाहीच, मॅगझिन बदलायला हातही मोकळा नसतो.

ज्या तीन इंजिनांच्या विमानातून उडी मारतात ते युंकर्स ५२ मात्र अस्सल आहे, स्विस हवाई दलाकडचं. पत्र्यावरच्या पन्हळी बघा.

कवडसा:
मनापासून आभार. एक गाठ अजून सुटत नाही. स्मिथने क्रेमरला दाखवलेलं नाव शेवटी कर्नल टर्नरचं, म्हणजे ब्रिटिश हेरखात्यातल्याच वरिष्ठाचं, निघतं. म्हणजे स्मिथला ते आधीच माहीत होतं. मग एवढी उठाठेव कशाला?

रीळ_बदल:
माहीत नव्हतं, संशय होता. हेरखात्याचा प्रमुख ॲडमिरल रोलंड ह्यालाही होता. म्हणून तर त्याने स्मिथ आणि मेरीला इटलीतून बोलावलं आणि शाफरला अमेरिकन सैन्यातून घेतलं: खात्यातल्या कुणावर विसंबणं शक्य नव्हतं, आणि शाफर खात्याचा नव्हता. पण संशयावर कर्नलला धरता येत नाही. वहीतलं नाव क्रेमरपुढे धरणं हा प्रश्नच होता, आणि क्रेमरने दिलेला होकार हे उत्तर. क्रेमरला वाटलं की आपण स्मिथची परीक्षा घेतोय. एका होकारात स्मिथची ओळखही पटली आणि टर्नरचा गुन्हाही. सगळ्या चित्रपटात मला सर्वांत देखणी वाटते ती ही जागा, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ती कळतसुद्धा नाही. तीन याद्यांनी खालची माणसं मिळाली, होकाराने वरचा.

म्हणून विमानातला शेवट लांबवलेला वाटत नाही. टर्नर स्टेनगन रोखतो, स्मिथ सांगतो की रोलंडने निघण्याआधीच तिची फायरिंग पिन (काडतुसावर आपटून गोळी उडवणारा खिळा) काढून घेतलीय.

कूटलिपी:
इथे एक तांत्रिक चूक आहे, शस्त्रांची माहिती असलेला कुणी असेल तर तो हात वर करेलच. स्टेनला सुटी फायरिंग पिन नसते. ती बोल्टच्या, म्हणजे बंदुकीच्या आत पुढे-मागे सरकणाऱ्या ठोकळ्याच्या, तोंडावरच घडवलेला उंचवटा असते. काढायची तर घासून टाकावी लागते किंवा अख्खा बोल्ट बदलावा लागतो. ‘बोल्ट घासून ठेवलाय’ असं वाक्य असतं तर बरोबर ठरलं असतं.

पडदानशीन:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

चित्रपट सुमारे १५५ मिनिटांचा, चौकट २.३५:१. पडदा १६:९ असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील आणि चित्र पडद्याच्या उंचीच्या साधारण ७६ टक्के भागात बसेल. त्या पट्ट्या घालवण्यासाठी चित्र मोठं करू नका. रुंदीचा जवळपास चौथा हिस्सा कापला जातो, आणि नेमक्या केबल कारच्या चित्रांत एक डबा डाव्या टोकाला, एक उजव्या. एक बाहेर गेला की ‘दोरखंड’ म्हणतात ते गणितच दिसत नाही.

बराच भाग रात्रीचा आणि निळसर आहे. प्रोजेक्टर लावल्यावर चाचणी घ्यायची ती उजेडातल्या बर्फावर नको, किल्ल्याच्या भिंतीवर दोरीने चढतानाच्या प्रसंगावर घ्या. काळा कोट आणि काळी भिंत वेगळी दिसेपर्यंत ब्राइटनेस थोडा वाढवा, मग बर्फाचं दृश्य लावून पांढऱ्यातले तपशील उडाले नाहीत ना ते तपासा. खोलीत उजेड झिरपत असेल तर कितीही वाढवून उपयोग नाही.

आवाज सुरुवातीलाच बरोबर ठेवा. रॉन गुडविन ह्यांचं शीर्षकसंगीत नुसत्या ताशासारख्या ड्रमने, अगदी हळू सुरू होतं. मग एक वाद्यगट सूर धरतो, दुसरा तोच सूर मागून उचलतो, तिसरा त्यावर चढतो. ड्रम ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला तर दोन मिनिटांत ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, कान फोडतील.

आधी प्रेक्षकांना एकच गोष्ट सांगा: गणवेश चढवल्यावर ही मंडळी जर्मन बोलताहेत असं समजायचं, कानावर इंग्रजी पडलं तरी. हे न सांगितल्यास ‘कुणाला संशय कसा येत नाही’ ह्या प्रश्नात पहिला तास जातो.

मध्यंतर दालनाच्या प्रसंगात कुठेही नको. याद्या लिहून होणं आणि कोरी वही उघडणं ह्यांच्यामध्ये तर चहाचा विचारही नको. सगळ्यांत सोयीची जागा त्याच्या आधी, स्मिथ आणि शाफर डब्याच्या टपावरून वर पोचतात तिथे. पूर्वार्ध थोडा छोटा होतो, पण माणसं परत येऊन कोड्यात बसतात. दालनानंतर घेतलं तर कोडं सुटलेलं असतं आणि उरलेला बंदुकांचा भाग थंड पडतो.

सावध_पाऊल:
थंड पडतो हेच मुळात दुखणं आहे. दालनापर्यंत प्रत्येक मृत्यूला अर्थ होता. हॅरॉड मेला तेव्हा प्रश्न उभा राहिला. नंतर बोळात माणसं नुसती पडत राहतात. चित्रपट वीस मिनिटांनी आटोपता आला असता.

दोरखंड:
वीस नाही, फार तर पाच, तीही बोळातल्या गोळीबारातली. बाकीचं कापलंत तर पेरलेली स्फोटकं, बस, विमानतळ सगळं जातं आणि टर्नर विमानात बसून आलाय ह्याचा ताणही जातो. शिवाय फॉन हापेन आठवा. मेरीशी ड्युसेलडॉर्फच्या गप्पा मारता मारता तिच्या उत्तरातली बारीकशी चूक तो पकडतो, आणि त्यामुळेच दालनात ऐन वेळी पिस्तूल घेऊन उभा राहतो. इतका काटेकोर डाव एका शहराच्या तपशिलावर उधळायची वेळ येते. त्याच्यानंतर सोंग संपतं; आता लपायला जागा नाही, फक्त पळायचं. तिथे बंदुका वाजणं पटकथेच्या ओघात येतं.

सावध_पाऊल:
हापेनचा मुद्दा मान्य. बोळाबद्दल मत कायम आहे.

रीळ_बदल:
कवडसा, चर्चेत हा वादच ठेवा. दोन गट करा: एकाने फक्त याद्या आणि वह्या कुठून कुठे गेल्या ते टिपायचं, दुसऱ्याने कुठलं स्फोटक कुठे पेरलं आणि कुठे फुटलं ते. चित्रपट संपल्यावर दोन्ही कागद शेजारी मांडून बघा.